पडलेला लॅपटॉप : दुरुस्त करावा की सरळ नवीन घ्यावा?

कर्वेनगरकर
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय.

लेकीची लॅपटॉपची सॅक स्कूटरवरून रस्त्यावर पडली. लेकीला खरचटलंही नाही, हे आधी सांगते. लॅपटॉपचं मात्र असं झालंय : स्क्रीनला डाव्या कोपऱ्यातून तडे गेलेत आणि अर्धा भाग काळा दिसतो. डावी बिजागरी बॉडीतून उपटून आली आहे, झाकण उघडलं की कीबोर्डच्या बाजूचं प्लास्टिक फाकतं. चार्जिंगच्या पिनेजवळचा कोपरा चेपलाय. पण टीव्हीला एचडीएमआय केबल लावली तर सगळं व्यवस्थित दिसतं आणि चार्जही होतो.

मशीन २०२१ चं आहे. रायझन ५ ५५००यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. तेव्हा ५६ हजारांना घेतला होता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने स्क्रीन, झाकण आणि कीबोर्डसकट बॉडी मिळून २९ हजार अधिक जीएसटी सांगितला आणि वर "मॅडम, यात पैसे घालू नका" असंही म्हणाले. पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने फोटो बघून फोनवर आठ-नऊ हजार सांगितले. ह्यांचं मत नवीन घ्यावा. मला मात्र चालू असलेलं मशीन मोडीत काढणं पटत नाही. लेक इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सबमिशन तोंडावर आलीत. तुम्ही काय केलं असतं, आणि का?

फेज_थ्री
नवीन घ्या. आम्ही ऑफिसात साधा ठोकताळा लावतो : दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला की दुरुस्ती बाद. २९ हजारांवर १८ टक्के जीएसटी धरला तर ३४ हजारांच्या पुढे जातंय. मशीनला पाच वर्षं होत आली. आज स्क्रीन, उद्या बॅटरी, परवा कीबोर्ड. शिवाय लेकीचं पुढचं वर्ष प्लेसमेंटचं. ऑनलाइन टेस्ट चालू असताना मशीन बंद पडलं तर त्याची किंमत कुठल्या कोटेशनमध्ये धरणार?

बुधवारातला
ठोकताळा बरोबर, पण तो कुठल्या आकड्याला लावायचा? नऊ हजारांना लावला तर उत्तर उलटं येतं.

आणि ताई, तपकीर गल्लीत गाडी नेऊ नका. मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा.

सखाराम_सातारकर
वॉरंटी तपासलीत का? एकदा बिल काढून बघा.

कर्वेनगरकर
@सखाराम_सातारकर, वॉरंटी केव्हाच संपली. आणि असती तरी पडल्याचं त्यात येत नाही म्हणे.

सखाराम_सातारकर
हो, साध्या वॉरंटीत पडझड आणि सांडलवंड येत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं कव्हर वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. नवीन घ्यायची वेळ आलीच तर कॉलेजच्या मुलीसाठी ते नक्की घ्या.

सोल्डर_फ्लक्स
मदरबोर्ड रिपेअरिंगमध्ये बरीच वर्षं आहे. दुकानाचं नाव टाकत नाही, इथे जाहिरात नको.

ताई, तुम्ही टीव्हीला लावून बघितलंत हे फार चांगलं केलंत. बाहेरच्या स्क्रीनवर चित्र स्वच्छ येतंय म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि एसएसडी निदान आत्ता तरी शाबूत आहेत. लॅपटॉपमध्ये खरा महाग असतो तो बोर्ड. स्क्रीन, बिजागरी, बॉडी हा सगळा बदलता येणारा माल. त्यामुळे आधी खोलून काय काय तुटलंय ते बघायचं आणि मग आकड्यांवर यायचं. फोटोवरून सांगितलेला भाव आणि न खोलता दिलेला "नवीन घ्या" हा सल्ला, दोन्ही माझ्या लेखी कच्चे.

आमच्याकडे बॉडीचे चार भाग मानतात. ए पॅनल म्हणजे झाकणाची पाठ, बी म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, सी म्हणजे कीबोर्ड-टचपॅडचा भाग आणि डी म्हणजे तळ. बिजागरी धातूची असते, ती स्वतः सहसा तुटत नाही. ज्या पितळी नटांवर ती आवळलेली असते ते नट सी पॅनलच्या प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात आणि प्लास्टिक फोडून बाहेर येतात. काही वर्षांनी बिजागरी घट्ट होत जाते. त्यात झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवय असली की सगळा जोर त्या दोन-तीन नटांवर येतो. रोज असे लॅपटॉप येतात, न पडलेलेसुद्धा.

आता मुद्दा. नुसती स्क्रीन बदलून घेऊ नका. बिजागरी सुटलेली ठेवून नवी स्क्रीन बसवली तर प्रत्येक उघडझाकेला झाकणाला पीळ बसतो आणि नवी स्क्रीनही तडकते. बिजागरी आधी, स्क्रीन नंतर. आठ-नऊ हजार सांगणाऱ्याला थेट विचारा : यात बिजागरी धरली आहे का, आणि कशी करणार? नट इपॉक्सीने पुन्हा रुतवणं हा एक मार्ग. हात चांगला असेल तर टिकतं. दुसरा मार्ग सी पॅनलच बदलणं. त्याच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या मशीनचा मिळाला तर अर्ध्याहून कमी भावात होतं. तुमचं प्लास्टिक फाकतंय म्हणजे मी असतो तर पॅनल बदलायला सांगितलं असतं.

बहुतेक मॉडेलमध्ये बिजागरीजवळून स्क्रीन आणि वेबकॅमची केबल जाते, शिवाय वाय-फायच्या अँटेनाच्या बारीक वायरी. त्या चेपल्या-तुटल्या नाहीत ना ते बघायला सांगा. स्क्रीन घेताना जुन्या पॅनलच्या पाठीवरचा स्टिकर बघून ३० पिन की ४० पिन ते जुळवतात. तुम्ही "फुल एचडी आयपीएस" असं स्पष्ट सांगा. नाहीतर स्वस्तातलं टीएन पॅनल बसतं, बाजूने पाहिलं की रंग पालटतात, आणि लेक वर्षभर डोळे बारीक करून बसते.

कर्वेनगरकर
@सोल्डर_फ्लक्स, किती नीट समजावलंत! तडा फक्त स्क्रीनला आहे असं मी धरून चालले होते, बिजागरी म्हणजे किरकोळ काम वाटत होतं. पण चेपलेल्या कोपऱ्याचं काय? बोर्डला आतून मार बसला असेल तर ते कसं कळणार?

सोल्डर_फ्लक्स
चांगला प्रश्न. पडल्यावर कधी कधी मोठ्या चिपखालचे सोल्डरचे टाके केसाएवढे तडकतात. मशीन चालू होतं, पण गरम झालं की अडकतं किंवा आपोआप बंद पडतं. म्हणून पैसे घालण्याआधी टीव्हीवर जोडूनच तासभर जड काम करून बघा. लेकीचं जे सॉफ्टवेअर सगळ्यात जास्त दम काढतं ते लावा. सगळे यूएसबी पोर्ट, हेडफोनची पिन, वाय-फाय, कीबोर्डचं एकेक बटण तपासा. चार्जिंगची पिन हलवून चार्ज तुटतो का बघा. काही मशीनमध्ये ती पिन वेगळ्या केबलवर असते, स्वस्तात बदलते. काहींत थेट बोर्डवर असते.

त्याआधी एक : टचपॅड वर उचलला गेलाय का, तळ फुगलाय का? असेल तर बॅटरीला मार बसलाय. चार्जिंगला लावू नका, आणि घरी दाबून-टोचून बघायचं नाही. लिथियमची बॅटरी पेट घेते.

चहापोहे
विषय पडल्याचा आहे, पण राहवत नाही म्हणून विचारते. माझ्या कीबोर्डवर काल चहा सांडला. पुसून घेतला, तांदळाच्या डब्यात ठेवलाय. आता चालू करू का?

सोल्डर_फ्लक्स
@चहापोहे, चालू करू नका, चार्जर लावू नका. तांदळाने काही होत नाही, उलट पोर्टमध्ये पीठ आणि दाणे जातात. चहात साखर आणि दूध आहे, ते बोर्डवर वाळून चिकटतं आणि खालचं तांबं गंजायला लागतं. त्यात करंट फिरला की गंज झपाट्याने वाढतो. आजच खोलून बॅटरीची केबल काढायला सांगा, आणि बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्या. जितका उशीर तितका खर्च.

बुधवारातला
@चहापोहे, तांदूळ टाकून द्या, पुलाव करू नका. आणि लॅपटॉप घेऊन निघा आत्ता.

चहापोहे
निघाले!

टेकडीवरचा
मूळ प्रश्नाकडे. माझं मत ठाम दुरुस्तीचं. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा हिस्सा तो कारखान्यात बनतानाच होऊन जातो, वापरताना जळणाऱ्या विजेचा वाटा त्या मानाने लहान. म्हणजे चालू बोर्ड आणखी तीन वर्षं वापरणं हीच सगळ्यात मोठी बचत. तुटलेल्या प्लास्टिकपायी सोनं, तांबं, कोबाल्ट भंगारात घालायचं हे मला पटत नाही.

फेज_थ्री
@टेकडीवरचा, भावना मान्य. पण पर्यावरणाचा भार तिसऱ्या वर्षाच्या मुलीच्या सबमिशनवर का? तिला खात्रीचं मशीन हवं. लोकल दुकानाची वॉरंटी किती? कुठल्या दर्जाचा पार्ट घालतील? माझ्या चुलतभावाच्या लॅपटॉपला एका दुकानाने स्क्रीन बदलली, महिन्यात रेघा आल्या, दुकानदार म्हणाला "तुमच्याकडूनच दाबली गेली". बिल नव्हतं. विषय संपला.

वकीलकाकू
@फेज_थ्री, विषय बिल नसल्यामुळे संपला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी हाही तक्रारीचा विषय आहे, आणि पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवाच. फक्त कागद हवा. बिलावर पॅनलचा मॉडेल क्रमांक, नवीन की वापरलेला, आणि वॉरंटी किती महिन्यांची हे लिहून घ्या. लिहून द्यायला जो का कू करेल त्याच्याकडे मशीन सोडू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअर पोर्टलही सुरू केलं आहे. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तिथे ठेवावी असा हेतू. खरेदीआधी आपल्या कंपनीने तिथे काय ठेवलंय ते बघत जा.

लियोंकर
इथे फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीचा गुणांक छापावा लागतो, १० पैकी. खोलायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, आणि त्या भागांची किंमत नव्या यंत्राच्या मानाने किती, यावर गुण. ताईंना आलेलं २९ हजारांचं कोटेशन वाचून त्या शेवटच्या निकषाचं महत्त्व पुन्हा पटलं. भाग मुद्दाम महाग ठेवला की दुरुस्ती आपोआप बाद होते, आणि मग आपणच म्हणतो "निम्म्याच्या वर गेलं". आपल्याकडे असा आकडा डब्यावर छापला जावा असं फार वाटतं.

हॉस्टेलवाला
तिसरा मार्ग. माझ्या रूममेटने फुटलेलं झाकणच काढून टाकलं, जुना मॉनिटर लावला, झाला डेस्कटॉप. खर्च जवळपास शून्य.

थिंकपॅडवाली
@हॉस्टेलवाला, झाकणाबरोबर वाय-फायच्या अँटेनाही गेल्या असतील ना? वर @सोल्डर_फ्लक्स यांनी लिहिलंय बघ.

हॉस्टेलवाला
हो, रेंज अगदीच गेली होती. त्याने लॅनची केबल ओढली.

थिंकपॅडवाली
कॉलेजला न्यायचं मशीन आहे, त्यामुळे ताईंना ते चालणार नाही.

मी आणखी एक पर्याय मांडते. नवीन घ्यायचंच ठरलं तर कोरं घेण्याआधी कंपन्यांच्या वापरातून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे लॅपटॉप बघा. पुण्यात आयटीमुळे ते भरपूर येतात. बिजागऱ्या दणकट, भाग मिळतात, आणि मशीन कसं खोलायचं त्याची पूर्ण पुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट आहे. घेताना बॅटरीची उरलेली क्षमता आणि बायोसला (मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) पासवर्ड नाही ना एवढं जरूर तपासा.

आणि @फेज_थ्री, "नव्या मशीनच्या निम्मं" हा हिशोब करताना आजचा भाव धरा. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरपायी जगभर रॅम महागली आहे. जुन्या मशीनमधली चालू रॅम आणि एसएसडी आता पूर्वीपेक्षा जास्त मोलाची झाली.

फेज_थ्री
@थिंकपॅडवाली, रॅमचा मुद्दा बरोबर. आमच्याकडेही या वर्षी नवीन मशीनची खरेदी पुढे ढकलली आहे. सर्व्हिस सेंटरच्या भावात माझं उत्तर अजून नवीनच. पण बोर्ड तासभराच्या कसोटीला उतरला आणि पक्क्या बिलावर काम दहा-बारा हजारांत होत असेल, तर दुरुस्तीला माझा विरोध नाही.

बॅकअपवाली_मावशी
अरे, कोणीच डेटाचं बोललं नाही! ताई, दुकानात नेण्याआधी टीव्हीवर जोडूनच सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या. प्रोजेक्टचा कोड, फोटो, सगळं.

दुसरं, स्क्रीन आणि बिजागरीच्या कामाला तुमच्या पासवर्डची गरज नाही. शक्य असेल तर समोर एसएसडी काढून घ्या. ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते, एका स्क्रूवर बसते. एसएसडीशिवायही मशीन बायोसपर्यंत चालू होतं, स्क्रीन तपासायला तेवढं पुरतं. मुलींच्या लॅपटॉपच्या बाबतीत तर मी हे आग्रहाने सांगेन.

तिसरं, बिटलॉकर, म्हणजे डेटाला विंडोजने लावलेलं कुलूप. आमच्या नात्यात एकाचा बोर्ड बदलला आणि मशीनने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. कुलूप उघडायचं गुपित जुन्या बोर्डवरच्या चिपमध्ये राहिलं होतं. की मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडली म्हणून वाचले. लेकीला आजच खात्यात लॉगिन करून ती की कागदावर उतरवायला सांगा.

कर्वेनगरकर
मावशी, हे डोक्यातच नव्हतं. लेकीने लगेच की उतरवून घेतली, बॅकअप लावलाय. तासभर तिचं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर चालवलं, मशीन तापलं पण एकदाही अडकलं नाही. चार्जिंगची पिन घट्ट आहे. टचपॅड सपाट आहे. उद्या गल्लीत जाते आणि सगळं लिहून नेते.

बुधवारातला
लिहून नेताय ते उत्तम. दोन-तीन दुकानांत विचारा. पहिल्याच दुकानात हो म्हणू नका.

कर्वेनगरकर
मंडळी, कळवायचं राहिलं होतं.

पहिल्या दुकानात (तेच, फोनवाले) खोलायच्या आधीच "स्क्रीन टाकून देतो, बिजागरी चिकटवतो" म्हणाले. बिलावर पॅनलचा क्रमांक लिहायला तयार नव्हते, म्हणून निघालो. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने आमच्यासमोर तळ उघडला. डावे दोन नट प्लास्टिकसकट सुटलेले, एक तर आत पंख्याजवळ घरंगळत होता. तो तिथे शॉर्ट करू शकला असता, असं तो म्हणाला. वाय-फायची एक वायर चिमटली होती. बोर्डला काही नाही. स्क्रीन फुल एचडी आयपीएस नवीन, सी पॅनल वापरलेला पण नट शाबूत, अँटेनाची वायर, सगळं मिळून ११,८०० आणि पक्कं बिल. स्क्रीनवर सहा महिन्यांची वॉरंटी लिहून दिली. एसएसडी आम्ही काढून घरी आणली होती, त्याने काही आक्षेप घेतला नाही.

लेकीचं सबमिशन त्याच मशीनवर झालं. झाकण आता मधोमध धरून उघडते. कीबोर्डवरची अक्षरं थोडी झिजलेली आहेत, कारण ते पॅनल कुणाचं तरी वापरलेलं आहे. तिला त्याचं काही वाटत नाही. ह्यांनाही पटलं. वाचलेल्या पैशांतून १ टीबीचा बाहेरचा ड्राइव्ह घेतला.

@सोल्डर_फ्लक्स, बॅकअपवाली मावशी, वकीलकाकू, मनापासून आभार.

सोल्डर_फ्लक्स
वा. सुटा नट सापडला ही मोठी गोष्ट झाली. वापरलेला सी पॅनल त्या भावात योग्य आहे.

चहापोहे
माझाही वाचला. बोर्ड धुऊन दिला, कीबोर्ड बदलावा लागला.

टेकडीवरचा
फार बरं वाटलं. ताई, फुटलेलं पॅनल घरी असेल तर कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना विचारा, त्या ई-कचरा वेगळा घेतात.

धायरीफाटा
माझाही असाच प्रश्न. लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा कोअर आय ३, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क. तीच गत : स्क्रीन फुटली, एक बिजागरी गेली. दुकानदार १० हजार म्हणतो. वरचं वाचून दुरुस्त करावा असं वाटतंय. बरोबर ना?

सोल्डर_फ्लक्स
@धायरीफाटा, नाही. तुमच्या मशीनवर १० हजार घालू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. शिवाय हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम बदलल्याशिवाय ते वापरायलाही जड जाणार, म्हणजे आणखी खर्च. ताईंच्या मशीनचं तसं नव्हतं. त्याचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालतो, आत एसएसडी आहे, तीन वर्षं सहज काढेल.

त्या पैशांत थिंकपॅडवालींनी सांगितलेल्यांपैकी वापरलेलं मशीन शोधा, थोडी भर घालावी लागेल. जुन्याची हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला, डेटा मिळेल.

धायरीफाटा
आणि उरलेलं भंगारात?

थिंकपॅडवाली
बाहेरच्या स्क्रीनवर चित्र येतंय ना? मग स्वस्तातली एसएसडी टाका, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घाला आणि टीव्हीला जोडून ठेवा. बँकेची कामं, व्हिडिओ, मुलांचा अभ्यास एवढं नक्की होईल. झाकण मात्र काढू नका, अँटेना त्यातच आहेत. बिजागरी सुटलेली आहे, तेव्हा उघडझाप न करता एका जागी ठेवून द्या.

धायरीफाटा
येतंय चित्र. रविवारी बसतो घेऊन.